मनातील अढी आणि अंतःकरणाची शांती

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे. त्याने मानवाला हृदय दिले आणि आपल्या स्मरणाशिवाय त्याला चैन पडू नये अशी त्याची घडण केली. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांच्या हृदयात आपल्याला छळणाऱ्यांसाठीही क्षमेला जागा होती.



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे. इशाची नमाज आटोपली होती. लोक पांगले होते. मी मशिदीचे दिवे मालवत असताना शेवटच्या सफमध्ये एक वृद्ध गृहस्थ अजून बसून असल्याचे दिसले. आमच्या कोकणातल्या अनेक घरांतल्या पुरुषांप्रमाणे त्यांचेही तारुण्य बोटीवर खलाशी म्हणून गेले. निवृत्तीनंतर मात्र त्यांची पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. तहज्जुदलाही ते उठतात आणि हातात तस्बीह नाही असे त्यांना कोणी पाहिलेले नाही. मी जवळ जाऊन म्हटले, “चाचा, तब्येत बरी आहे ना?” त्यांनी मान वर केली आणि विचारले, “मौलाना, एवढं सगळं करूनही दिलाला सुकून का येत नाही?”

मग हळूहळू सारे बाहेर आले. अंगणाच्या गडग्यावरून सख्ख्या धाकट्या भावाशी वाद झाला होता. अकरा वर्षे दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. एकाच मशिदीत येत, एकाच इमामामागे उभे राहत आणि सलाम फेरल्यावर वेगवेगळ्या दरवाजांनी बाहेर पडत. त्या आठवड्यात धाकटा भाऊ वारला होता. “जनाजाच्या नमाजीत मी तिसऱ्या सफमध्ये उभा होतो,” चाचा म्हणाले, “पुढे जायला पाय उचलेना. आता तो कबरीत आहे आणि तो गडगा तिथेच आहे.”

मी त्यांना आयती सांगितल्या, हदीसचा आधार दिला, सब्र करण्याचा सल्ला दिला. मदरशात शिकलेला माणूस जे सांगू शकतो ते सारे सांगितले. परंतु घरी परतताना मला माझीच लाज वाटत होती. कारण माझे थोरले बंधू हयात आहेत आणि त्या रात्री त्यांच्याशी न बोलल्याला अडीच वर्षे झाली होती.

हा लेख त्या रात्रीतून निघाला आहे. म्हणून यातला प्रत्येक शब्द आधी मला स्वतःला उद्देशून आहे, मग तुम्हाला.

स्मरण आहे, मग समाधान का नाही?

दिव्य कुरआनच्या सूरह रअदमध्ये (13:28) अल्लाहने सांगितले आहे की, अंतःकरणांना समाधान लाभते ते त्याच्या स्मरणानेच. हे अभिवचन आहे आणि अल्लाहचे अभिवचन खोटे ठरत नाही. मग चाचांचा प्रश्न उरतो. तस्बीह फिरते आहे, कपाळ जमिनीला टेकते आहे, तरी छातीवरचा दगड हलत का नाही?

याचे उत्तर कुरआननेच अन्यत्र दिले आहे. सूरह शुअराच्या 88 व 89 व्या आयतींमध्ये हजरत इब्राहीम (अलै.) यांच्या प्रार्थनेच्या ओघात त्या दिवसाचा उल्लेख येतो, ज्या दिवशी संपत्ती उपयोगी पडणार नाही आणि संततीही नाही. तारला जाईल तो ‘कल्ब-ए-सलीम’ घेऊन अल्लाहपुढे हजर झालेला माणूस. ‘सलीम’ म्हणजे निकोप, अव्यंग, ज्याला कीड लागलेली नाही असे. स्मरण हे पाणी आहे आणि हृदय हे भांडे आहे. आंबलेल्या भांड्यात कितीही स्वच्छ पाणी ओतले तरी ते पिण्याजोगे राहत नाही. दोष पाण्याला देता येत नाही.

प्रेषित (स.) यांनी शरीरातल्या एका मांसपिंडाविषयी सांगितलेली हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तो नीट असेल तर सारे शरीर नीट राहते, तो बिघडला तर सारे बिघडते, आणि तो म्हणजे हृदय. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी निवेदन केलेली ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण मात्र बिघाड इतरत्र शोधत राहतो. घर लहान आहे म्हणून शांती नाही, मग घर वाढवतो. पगार अपुरा म्हणून शांती नाही, मग आखातात जातो. गावात चैन नाही म्हणून मुंबईला जातो आणि मुंबईत चैन नाही म्हणून सुट्टीत गावी येतो. सोबत नेलेले हृदय मात्र तेच असते. सूरह रअदच्याच 11 व्या आयतीचा आशय आहे की, लोक जोवर आपल्या अंतरंगात जे आहे ते बदलत नाहीत, तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही. ही आयत आपण समाजाच्या उन्नतीसाठी व्यासपीठावरून सांगतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर तीच आयत स्वतःला सांगून पाहावी.

अढी

मराठीचा विद्यार्थी असताना एका शब्दाने माझे लक्ष वेधून घेतले होते. ‘अढी’. कोकणात आंबे उतरवल्यावर अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा पसरून त्यावर आंब्यांचे थर लावतात, वरून पुन्हा पेंढा घालतात. ती अढी. आणि एखाद्याविषयी मनात राग धरून ठेवला, तर आपण म्हणतो, त्याच्या मनात अढी आहे. शब्द एकच.

लहानपणी आमच्या घरी अढी लावली की दर दोन-तीन दिवसांनी दादी आम्हा मुलांना ती उलगडायला बसवत असे. प्रत्येक आंबा हातात घेऊन पाहायचा आणि डागी निघाला की बाजूला काढायचा. आम्ही कंटाळा करायचो. ती म्हणायची, एक डागी आंबा आत राहिला तर शेजारचे चार घेऊन जाईल. वरून पेंढा छान सोनेरी दिसतो. आत काय चालले आहे ते वासानेच कळते आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मनातल्या अढीचेही असेच असते. अपमान झालेला असतो एका दिवशी, परंतु तो आपण अंधारात, उबेत, पुन्हा पुन्हा आठवून पिकवतो. वरून नमाज, रोजा, तिलावत यांचा स्वच्छ थर असतो. मग एक दिवस ध्यानात येते की राग केवळ भावाविषयीचा राहिलेला नाही. त्याच्या मुलाला चांगले गुण मिळाले तरी आपल्याला टोचते. त्याच्या आजाराची बातमी ऐकून आत कुठेतरी किंचित बरे वाटते. शेजारचे चार आंबे गेलेले असतात.

इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, जिथे त्यांनी माणसाचा घात करणाऱ्या विकारांचे विवेचन केले आहे, क्रोध, द्वेष आणि मत्सर या तिघांना एकाच प्रकरणात एकत्र आणले आहे. त्यांचे निरूपण थोडक्यात असे की, ज्या क्रोधाला वाट मिळत नाही तो आत वळतो आणि ठाण मांडून बसतो. तोच ‘हिक्द’, म्हणजे मनात धरलेला डूख. आणि हसद, म्हणजे मत्सर, हे त्या डुखाचे अपत्य आहे. मग त्यातूनच दुसऱ्याच्या संकटात आनंद मानणे, संबंध तोडणे, तुच्छ लेखणे, निंदा करणे आणि शेवटी त्याचा हक्क बुडवणे, हे सारे निपजते. नऊशे वर्षांपूर्वीचे हे निदान आजच्या कोणत्याही कुटुंबाला लावून पाहा.

ज्ञानी माणसाची कोंडी

इमाम गजालींचा उल्लेख मी केवळ ग्रंथाच्या आधारासाठी केलेला नाही. त्या रात्रीनंतर मला त्यांचे जीवन पुन्हा पुन्हा आठवत राहिले. त्यांचा जन्म 1058 साली इराणमधील तूस येथे झाला. 1091 मध्ये वजीर निजामुल्मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात प्रमुख अध्यापक नेमले. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम तेहतीस होते. त्यांच्या दर्सला सुमारे तीनशे विद्यार्थी बसत. खलिफाच्या राजधानीत त्यांच्याइतका मान क्वचितच कोणाला असेल.

आणि याच काळात त्यांनी स्वतःच्या अंतरंगात डोकावून पाहिले. आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी जे लिहून ठेवले आहे ते वाचताना कोणत्याही मौलवीने सावध व्हावे. त्यांना जाणवले की आपले सर्वांत उत्तम काम म्हणजे अध्यापन, आणि तेही निखळ अल्लाहसाठी होत नाही. त्यामागे कीर्ती आणि पद यांची ओढ आहे. जवळजवळ सहा महिने हे द्वंद्व चालले. सकाळी सारे सोडून निघण्याचा निश्चय व्हायचा आणि संध्याकाळी तो ढासळायचा. अखेर हिजरी सन 488 मध्ये, म्हणजे 1095 साली, त्यांची वाणीच बंद पडली. वर्गात बसत, पण शब्द फुटत नसे. अन्न गिळणे अवघड झाले. वैद्यांनी सांगितले की रोग हृदयातून शरीरात उतरला आहे आणि मनावरचे ओझे हलके झाल्याखेरीज औषध चालणार नाही.

त्यांनी पद सोडले, कुटुंबापुरते ठेवून उरलेली संपत्ती वाटून टाकली आणि बगदादबाहेर पडले. दमास्कसच्या जामा मशिदीच्या मिनारात ते दिवसच्या दिवस दार लावून एकांतात बसत. पुढे बैतुल मुकद्दसला गेले, हजला गेले. अकरा वर्षांनी, 1106 साली, ते पुन्हा नेशापूरच्या मदरशात शिकवू लागले. 1111 साली तूस येथेच त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. काम तेच होते, अध्यापन. विद्येतही काही उणे नव्हते. बदलले होते ते आतले. त्यांनी स्वतःच लिहिले आहे की, पूर्वी ज्या ज्ञानाने प्रतिष्ठा मिळते ते मी शिकवत होतो आणि आता ज्या ज्ञानाने प्रतिष्ठेचा मोह सुटतो त्याकडे बोलावतो. आपल्यापैकी कोणाला दमास्कसच्या मिनारात जाऊन बसायचे नाही. दुकान, शेती, मुलांची शाळा सोडून कोठे जाणार? परंतु आपल्या सर्वांत चांगल्या कामामागे नेमके काय दडले आहे, हे तपासण्यासाठी घर सोडावे लागत नाही.

मी तपासले. शुक्रवारच्या बयानात मी नातेसंबंध जपण्याविषयी, सिलारहमीविषयी, किमान चार वेळा बोललो होतो. लोकांनी कौतुकही केले होते. त्या चारही वेळा माझ्या फोनमध्ये भाईंचा नंबर होता आणि मी तो फिरवला नव्हता.

नफ्सच्या तीन अवस्था

कुरआनमध्ये मानवी नफ्सच्या तीन अवस्थांचा उल्लेख आहे. सूरह यूसुफमध्ये (12:53) वाईटाकडे ओढणारे नफ्स, सूरह कियामाच्या आरंभी (75:2) स्वतःची निर्भर्त्सना करणारे नफ्स आणि सूरह फज्रच्या शेवटी (89:27) समाधान पावलेले नफ्स, ज्याला आपण नफ्स-ए-मुतमइन्ना म्हणतो.

आपण पहिल्यातून थेट तिसऱ्यात जाऊ इच्छितो. राग धरून ठेवणाऱ्या मनाला शांती हवी असते, पण मधल्या अवस्थेचा त्रास नको असतो. वास्तविक टोचणी लागणे, रात्री झोप न येणे, स्वतःची लाज वाटणे, ही मधल्या पायरीची खूण आहे. चाचांना जी अस्वस्थता त्या रात्री मशिदीत बसवून ठेवत होती, तिला त्यांनी अल्लाहची नाराजी समजावे असे मला वाटले नाही. मेलेल्या हृदयाला वेदना होत नाही. ती वेदना अल्लाहची कृपा होती.

सूरह फज्रच्या त्या शेवटच्या आयतींत आणखी एक गोष्ट माझ्या अल्पमतीला जाणवते. समाधानी नफ्सला आपल्या पालनकर्त्याकडे परत बोलावले जाते, तेव्हा त्याला आधी त्याच्या दासांमध्ये सामील होण्यास सांगितले आहे आणि जन्नतमध्ये प्रवेश करण्याचे त्यानंतर. ज्याला अल्लाहच्या दासांमध्ये बसवत नाही, ज्याला सफमधला शेजारी खुपतो, त्याने एकट्याने जन्नतची आस धरावी हे या क्रमात बसत नाही.

त्या अन्सारींचे रहस्य

मुसनद अहमदमध्ये हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांनी एक प्रसंग निवेदन केला आहे. सहाबा प्रेषित (स.) यांच्याभोवती बसले होते. प्रेषित (स.) यांनी सांगितले की आता तुमच्यासमोर एक जन्नती माणूस येईल. एक अन्सारी आले. दाढीतून वुजूचे पाणी ठिबकत होते, डाव्या हातात चपला होत्या. दुसऱ्या दिवशी तसेच घडले, तिसऱ्या दिवशीही तसेच. तेच गृहस्थ आले.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे इबादतीत बुडालेले तरुण होते. या माणसाचे विशेष काय आहे ते जाणून घेण्यासाठी निमित्त काढून ते तीन रात्री त्यांच्या घरी मुक्कामाला राहिले. पाहतात तर रात्रभराची नमाज नाही की काही नाही. कूस बदलताना अल्लाहचे नाव घेत आणि फज्रला उठत. एवढे मात्र की तोंडून चांगल्याखेरीज शब्द नाही. तीन रात्री संपल्यावर अब्दुल्लाह (रजि.) यांनी खरे कारण सांगून टाकले आणि विचारले. अन्सारी म्हणाले की तू पाहिलेस तेवढेच आहे. ते निघाले तेव्हा त्यांना परत बोलावून त्यांनी सांगितले की, कोणत्याही मुस्लिमाविषयी माझ्या मनात कपट नसते आणि अल्लाहने कोणाला काही चांगले दिले तर मला त्याचा हेवा वाटत नाही. अब्दुल्लाह (रजि.) उद्गारले की, याच गोष्टीने तुम्हाला त्या स्थानी नेले आणि हेच आम्हाला जमत नाही.

रात्र-रात्र उभे राहणाऱ्या सहाबींनी ‘हे आम्हाला जमत नाही’ असे म्हणावे, यावरून हे काम किती कठीण आहे ते कळते. वाचकहो, कठीण आहे म्हणूनच त्याचा मोबदला एवढा मोठा आहे.

आणि येथे शांतीचा विषयही उलगडतो. त्या अन्सारींची झोप कशी असेल याचा विचार करा. ज्याला कोणाचा हिशेब चुकता करायचा नाही, कोणाच्या वाढीने ज्याचे काही घटत नाही, तो कूस बदलतो तेव्हा ओठांवर अल्लाहचेच नाव येते. आपण कूस बदलतो तेव्हा कोणाचे नाव येते?

हजरत अबूबकर (रजि.) यांची शपथ

कोणी म्हणेल, मौलाना, तुम्हाला ठाऊक नाही माझ्याशी काय झाले ते. झालेला अन्याय खरा असेल तर काय करायचे?

याचे उत्तर हजरत अबूबकर (रजि.) यांच्या जीवनात आहे. त्यांच्या कन्या, उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्यावर मदीनेत किटाळ रचले गेले. ते पसरवणाऱ्यांत मिस्तह बिन उसासा हेही सामील झाले. मिस्तह हे अबूबकर (रजि.) यांचे नातलग, गरीब मुहाजिर, आणि त्यांचा खर्च अबूबकर (रजि.) हेच चालवत. ज्याला आपण घास भरवतो त्याने आपल्या लेकीच्या चारित्र्यावर चिखल उडवावा, यापेक्षा मोठी जखम कोणती? कुरआनने हजरत आयशा (रजि.) यांची निष्कलंकता जाहीर केल्यावर अबूबकर (रजि.) यांनी शपथ घेतली की यापुढे मिस्तहवर एक दिरहमही खर्च करणार नाही.

तेव्हा सूरह नूरची 22 वी आयत अवतरली. तिचा आशय असा की, ज्यांना अल्लाहने संपन्नता दिली आहे त्यांनी नातलगांना, गरजूंना आणि अल्लाहच्या मार्गात घर सोडणाऱ्यांना न देण्याची शपथ घेऊ नये, क्षमा करावी आणि विसरून जावे. आणि मग प्रश्न आहे की, अल्लाहने तुम्हाला क्षमा करावी असे तुम्हाला वाटत नाही काय? अबूबकर (रजि.) यांनी तत्काळ सांगितले की मला तेच हवे आहे, आणि मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू केला.

या आयतीत मिस्तह निर्दोष होते असे कोठेही म्हटलेले नाही. अबूबकर (रजि.) यांचा संताप अवाजवी होता असेही म्हटलेले नाही. केवळ दृष्टी वळवली आहे, भावाकडून स्वतःकडे. तुला अल्लाहच्या दारात उभे राहून जे मागायचे आहे, ते तुझ्या दारात उभ्या असलेल्याला दे.

क्षमा आणि हक्क

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण क्षमेच्या नावाखाली आपल्या घरांत अन्यायही चालतो. बहिणीचा वारसाहक्क दाबून ठेवायचा आणि तिने मागितला तर ‘नाते महत्त्वाचे की जमीन’ असे तिलाच ऐकवायचे, ही सिलारहमी नव्हे. वारसाचे हिस्से सूरह निसामध्ये (4:11) अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत. ते देणे हे उपकार नव्हेत. ज्याने हक्क बुडवला त्याने आधी हक्क परत करावा आणि मग क्षमा मागावी. सूरह शूरामध्ये (42:40-43) अन्यायाची रीतसर दाद मागणाऱ्याला दोष दिलेला नाही आणि जो क्षमा करून समेट करील त्याचा मोबदला अल्लाहकडे असल्याचेही सांगितले आहे. दोन्ही वाटा खुल्या आहेत. छळ सोसणाऱ्या सुनेला किंवा मार खाणाऱ्या पत्नीला ‘मन साफ ठेव’ एवढेच सांगून कोणी मोकळे होऊ नये. तिला आधी सुरक्षितता आणि न्याय मिळवून देणे हे आपले कर्तव्य आहे.

हक्कासाठी काजीकडे वा न्यायालयात जाणे वेगळे आणि रोज रात्री त्या माणसाला मनात जाळणे वेगळे. पहिल्याने प्रश्न सुटू शकतो. दुसऱ्याने केवळ जाळणाऱ्याचे घर काळे होते.

काय करावे?

आत्मशुद्धीची गोष्ट पुष्कळ होते, कृती राहून जाते. मला जे उपयोगी पडले ते साधेपणाने मांडतो.

पहिली गोष्ट, नाव घ्या. ‘माझे कोणाशी वैर नाही’ असे आपण सहज म्हणतो. रात्री इशानंतर एकांतात बसा आणि दादीने अढी उलगडायला लावावी तसे एकेक माणूस मनात आणून पाहा. ज्याचे नाव येताच छाती आवळते, तो तुमचा डागी आंबा.

दुसरी गोष्ट, त्याच माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी दुआ करा. आरंभी ओठ साथ देत नाहीत. माझेही दिले नाहीत. तरी करा. एखाद्याच्या मुलाबाळांची खुशाली रोज अल्लाहपाशी मागत राहिले की त्याचा द्वेष करणे हळूहळू जड जाऊ लागते.

तिसरी गोष्ट, सलाम आपण आधी करा. बुखारी व मुस्लिममधील हदीसचा आशय सर्वांना ठाऊक आहे. आपल्या भावाशी तीन रात्रींपेक्षा अधिक अबोला धरणे वैध नाही आणि दोघांमध्ये श्रेष्ठ तो, जो आधी सलाम करतो. बुखारीमधील दुसऱ्या एका हदीसनुसार, परतफेड म्हणून नाते जपणारा हा खरा नाते जपणारा नव्हे. समोरच्याने तोडले असता जो जोडतो, तो खरा.

चौथी गोष्ट, सोमवार आणि गुरुवार लक्षात ठेवा. सहीह मुस्लिममध्ये आहे की, या दोन दिवशी जन्नतचे दरवाजे उघडले जातात आणि शिर्क न करणाऱ्या प्रत्येक दासाला क्षमा केली जाते. अपवाद त्या दोघांचा, ज्यांच्यात वैर आहे. त्यांच्याविषयी आदेश होतो की समेट होईपर्यंत यांना थांबवून ठेवा. मी अडीच वर्षांचा हिशेब मांडला. सोमवार आणि गुरुवार मिळून अडीचशेहून अधिक दिवस झाले. एवढ्या वेळा माझी फाईल बाजूला ठेवली गेली असेल, या विचाराने मी हादरलो.

तो फोन

वडिलांचे निधन झाले तेव्हा भाई आखातात होते. ते आले नाहीत. दफनाला नाही, त्यानंतरही चार महिने नाही. आजारपणातले सारे मी एकट्याने निभावले होते. दुःखात मी फोनवर त्यांना असे काही बोललो, जे धाकट्याने थोरल्याला बोलू नये. त्यानंतर शांतता. अम्मी दोघांशी वेगवेगळे बोलत राहिली आणि एकाचे दुसऱ्याला काही सांगेनाशी झाली.

चाचांशी झालेल्या बोलण्यानंतरच्या गुरुवारी, मगरिबनंतर, मी नंबर फिरवला. हात कापत होता. मनात पुष्कळ वाक्ये तयार केली होती. पलीकडून भाईंनी सलामचे उत्तर दिले आणि काही क्षण दोघेही गप्प राहिलो. मग ते म्हणाले, “जेवलास का?”

मी म्हणालो, “भाई, मला माफ करा.” ते म्हणाले, “अम्मीचं ब्लडप्रेशर कसं आहे ते सांग.” ते का आले नव्हते हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आजवर विचारलेले नाही. आमच्यात सारे पूर्ववत झाले असे म्हणणे खोटे ठरेल. बोलणे अजून थोडे जपून होते. पण त्या रात्री इशाच्या नमाजीत मी पहिल्यांदा सजद्यात गेलो आणि मला उठावेसे वाटेना. मागे मुक्तदी होते, म्हणून उठलो. दोन-अडीच वर्षांत नमाजीत जे हरवले होते ते नेमके काय होते, हे मला तेव्हा कळले.

ज्यांना उशीर झाला आहे

माझा भाऊ हयात होता. चाचांचा नव्हता. त्यांना काय सांगावे, हा प्रश्न माझ्यासाठी उरलाच होता. पुन्हा भेटल्यावर मी त्यांना सूरह हश्रची दहावी आयत समजावून सांगितली. त्या आयतीत एक दुआ शिकवली आहे. तिच्या पहिल्या भागात स्वतःसाठी आणि ईमानासह आपल्या आधी निघून गेलेल्या बंधूंसाठी क्षमा मागितली आहे आणि दुसऱ्या भागात ईमानवाल्यांविषयी आपल्या हृदयात द्वेष राहू नये अशी विनवणी आहे. निघून गेलेला भाऊ आणि मनातली अढी, दोन्ही एकाच दुआत आहेत. जणू अल्लाहला ठाऊक होते की काही जणांना उशीर होईल.

मी त्यांना म्हटले की, चाचा, भावासाठी मगफिरत मागा, त्यांच्या नावाने सदका करा आणि त्यांच्या मुलांकडे जा. तौबाचे दार तुमचा श्वास चालू आहे तोवर उघडे आहे. आणि सूरह हिज्रमध्ये (15:47) जन्नतवासीयांचे जे चित्र आहे ते मनात धरा. अल्लाह त्यांच्या छातीतले उरलेसुरले किल्मिष काढून टाकील आणि ते भावाभावांसारखे समोरासमोर आसनांवर बसतील.

चाचा काही बोलले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याने मला सांगितले की, चाचांनी स्वतः चार दगड काढून गडग्यातून ये-जा करण्यापुरती वाट केली आहे आणि संध्याकाळी ते पलीकडच्या पडवीत चहाला येऊन बसतात. त्यांना सुकून मिळाला की नाही हे मी विचारले नाही. इशानंतर ते आता शेवटपर्यंत बसून राहत नाहीत, एवढे मात्र पाहतो.

बंधू-भगिनींनो, हा लेख वाचताना तुमच्या मनात एखादे नाव आले असेल. अंक खाली ठेवा आणि त्या माणसाला आधी सलाम करा. तो उत्तर देईल की नाही, हा त्याचा आणि अल्लाहचा मामला आहे.

हे अल्लाह, आमच्या हृदयांतली अढी तू काढून टाक. आम्ही ज्यांना दुखावले त्यांच्यासमोर झुकण्याचे बळ आम्हाला दे. आमच्या निघून गेलेल्या भावाबहिणींना क्षमा कर आणि जे हयात आहेत त्यांच्याशी आम्हाला जोड. तुझ्यापुढे हजर होण्याच्या दिवशी आम्हाला निकोप हृदय घेऊन यायला लाव. आमीन.